एकट्या मधमाश्यांसाठी नळ्यांचे घर: बांधणी, देखरेख आणि परोपजीवींचा बंदोबस्त

गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कोणी कात्रीने कोरून नेल्यासारखा स्वच्छ अर्धगोल काप दिसला, की बहुतेक जण कीड पडली असे समजून फवारणीचा पंप काढतात. तो काप किडीचा नसतो. पाने कातरणाऱ्या एका मधमाशीने आपल्या पिल्लांच्या कप्प्याला अस्तर लावण्यासाठी तो तुकडा नेलेला असतो, आणि पाच-दहा पानांना असे काप पडल्याने झाडाचे काहीही बिघडत नाही. या माशीला आपल्या गच्चीवर, परसात किंवा शेताच्या बांधावर घर करून द्यायचे असेल तर काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते घर तिच्या शत्रूंचे कोठार होऊ नये म्हणून काय करावे, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगण्यासाठी हा लेख आहे. घर बांधणे एका दुपारचे काम आहे. ते निरोगी ठेवणे हे वर्षभराचे काम आहे, आणि ज्याला हे दुसरे काम जमणार नसेल त्याने पहिले हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घर कोणासाठी

आग्या, सातेरी, फुलोरी या आपल्या ओळखीच्या माश्या पोळे करून समूहाने राहतात. पण जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जाती एकट्याने संसार करतात. त्यांच्यात राणी नसते, कामकरी नसतात आणि साठवलेला मधही नसतो. प्रत्येक मादी स्वतः जागा शोधते, स्वतः परागकण गोळा करते, अंडी घालते आणि पिल्ले बाहेर येण्याआधीच बहुधा मरून जाते. राखायला पोळे नसल्यामुळे ती अंगावर येत नाही. मुठीत दाबली तरच डंख मारते आणि नराला तर डंखच नसतो. म्हणून मुलांच्या वावराच्या अंगणातही हे घर निर्धास्तपणे लावता येते.

एकट्या माश्यांतील बहुतेक जाती जमिनीत बीळ करतात. निळ्या पट्ट्यांची, गुणगुणत तुळशीवर येणारी माशी मातीच्या भिंतीत किंवा कोरड्या जमिनीत राहते. तिला नळ्यांचे घर नको असते, परसातला न सारवलेला, न फरशी घातलेला एक कोपरा हवा असतो. मोठा काळा भुंगा वाळलेले लाकूड किंवा बांबू स्वतः पोखरतो. आपण करणार असलेले घर आयत्या पोकळीत राहणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे मुख्यतः पाने कातरणाऱ्या आणि माती किंवा झाडांचा डिंक वापरून कप्पे करणाऱ्या माश्यांसाठी. त्यांची खूण अशी, की त्या परागकण पायांवर न वाहता पोटाच्या खालच्या केसांवर वाहतात, त्यामुळे फुलावरून उठताना पोटाखाली हळद फासल्यासारखी दिसते.

तूर पिकवणाऱ्यांना या माश्यांचे विशेष महत्त्व आहे. तुरीच्या फुलाची खालची पाकळी दाबली गेल्याशिवाय आतले केसर उघडे पडत नाही. पाने कातरणारी माशी फुलावर बसून आपल्या वजनाने आणि पायांच्या रेट्याने ती पाकळी दाबते आणि परागकण घेऊन पुढच्या झाडावर जाते. तूर स्वतःच्या परागावरही शेंगा धरते हे खरे. पण संकरित तुरीच्या बीजोत्पादनात नर-वंध्य ओळीपर्यंत, म्हणजे ज्या झाडांत स्वतःचा कामाचा पराग तयारच होत नाही त्यांच्यापर्यंत, पराग पोहोचवण्याचे काम अशा माश्यांवाचून होत नाही.

या नळ्यांत गांधीलमाशीच्या कुळातल्या कुंभारणीही येतील. त्यांना हाकलू नये. त्या पिल्लांसाठी अळ्या किंवा कोळी धरून आणतात, म्हणजे बागेचे कामच करतात. कॅनडातील टोरांटो शहरात सुमारे सहाशे कृत्रिम घरे लावून तीन वर्षे निरीक्षण केले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दरवर्षी जवळजवळ तीन चतुर्थांश घरांत तिथल्या स्थानिक गांधीलमाश्यांनी बस्तान बसवल्याचे दिसले. तेव्हा आपल्या पाटीवर 'मधमाश्यांचे घर' असे लिहिले म्हणून केवळ मधमाश्याच येतील अशी अपेक्षा धरू नये.

नळीच्या आत काय घडते

हे नीट समजले तर पुढची प्रत्येक सूचना का दिली आहे ते आपोआप कळेल. मादी नळीच्या मागच्या बंद टोकापासून सुरुवात करते. पानांचे लंबगोल तुकडे एकावर एक दाबून ती एक पेला तयार करते, त्यात पराग आणि मधुरस कालवून ओल्या बेसनासारखा गोळा भरते, त्यावर एक अंडे घालते आणि पानाच्या गोल चकत्यांनी तोंड बंद करते. मग त्याला लागून दुसरा कप्पा. पूर्ण भरलेली नळी उलगडली की आत विड्या रांगेने ठेवल्यासारखे कप्पे दिसतात. मागच्या कप्प्यांत माद्या आणि पुढच्या कप्प्यांत नर, असा क्रम ती ठेवते, कारण नर आधी बाहेर पडतात. नळी फार आखूड असेल तर माद्यांची अंडी घालायला जागा कमी उरते आणि बहुतेक नरच निपजतात. म्हणून नळीची लांबी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास हवी. बाजारात शोभेसाठी मिळणाऱ्या पुष्कळशा घरांत ती आठ-दहा सेंटिमीटरच असते. तेवढ्या एका कारणाने ती घरे मी घेऊ नयेत असे सांगतो.

साहित्याची निवड

आतला व्यास सहा ते दहा मिलिमीटर हवा आणि एकाच घरात वेगवेगळे व्यास मिसळलेले चांगले, कारण प्रत्येक जातीच्या अंगाचा आकार वेगळा असतो.

बांबू सर्वांत सोयीचा. तो पेराच्या गाठीमागे कापावा, म्हणजे गाठ आपोआप मागची भिंत होते; दोन्हीकडून उघडी नळी माश्या टाळतात आणि परोपजीवींना मात्र मागचे दार मिळते. बांबूला टोके, म्हणजे पोखरणारे भुंगेरे, लागू नयेत म्हणून तो आधी दोन-तीन आठवडे पाण्यात भिजवून, शक्य असल्यास पाणी बदलत राहून, मग सावलीत पूर्ण वाळवावा. कीटकनाशकाचा हात दिलेला बांबू कधीही वापरू नये. कापलेल्या तोंडाची कुसळे कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून काढावीत, कारण माशी मागे सरकत बाहेर येते आणि एका कुसळाने तिचा पंख फाटतो. बोरूच्या किंवा एरंडाच्या पोकळ वाळक्या काड्याही चालतात. त्यांची भिंत पातळ असते, त्यामुळे त्या उघड्यावर न टांगता डब्यात घट्ट बसवाव्यात.

लाकडाचा ठोकळा घेऊन त्याला भोके पाडणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे, पण तो उघडता येत नाही आणि साफही होत नाही. त्याऐवजी सुताराकडून फळ्यांवर शेजारी शेजारी खाचा पाडून घ्याव्यात आणि फळ्या एकावर एक रचून पट्ट्याने आवळाव्यात. हंगाम संपला की पट्टा सोडून प्रत्येक खाच पुस्तकाच्या पानासारखी उघडून पाहता येते. लाकूड कोरे असावे. ताजा रंग, व्हार्निश किंवा वाळवीचे औषध लागलेले नसावे.

मी स्वतः आता बांबूच्या आत कागदी नळी घालतो. साध्या पेन्सिलीभोवती बटर पेपरचे तीन-चार वेढे द्यायचे, कडेला डिंकाचा एक ठिपका लावायचा, मागचे टोक दुमडून बंद करायचे आणि ही नळी दहा मिलिमीटरच्या बांबूत सरकवायची. बाहेरचा जाड बांबू अंडी घालायची सुईसारखी नळी खुपसणाऱ्या परोपजीवींना अडवतो आणि आतली कागदी नळी नंतर अलगद ओढून उघडता येते. बांबू फोडावा लागत नाही. ज्याला एकच पद्धत निवडायची आहे त्याने ही निवडावी.

शीतपेयाच्या प्लास्टिकच्या नळ्या मात्र वापरू नयेत. त्या ओलावा शोषत नाहीत. सुरुवातीच्या वर्षी मी त्या वापरल्या होत्या. पावसाळा सरल्यावर उघडल्या तेव्हा पराग हिरवट बुरशीने माखला होता आणि एकाही कप्प्यात जिवंत अळी नव्हती. काचेच्या नळ्यांचेही तेच.

बांधणी आणि जागा

पहिल्या वर्षी तीस-चाळीस नळ्या पुरेत. मोठे घर दिसायला भव्य वाटते. पण निसर्गात या माश्यांची घरटी विखुरलेली असतात आणि शेकडो नळ्या एका जागी आल्या की रोग आणि परोपजीवी एका दारातून दुसऱ्या दारात चालत जातात. शंभर नळ्या लावायच्या असतील तर तीन ठिकाणी, एकमेकांपासून चांगल्या अंतरावर लावाव्यात.

एका बाजूने उघडा लाकडी डबा घ्यावा. त्याचे छप्पर नळ्यांच्या तोंडापुढे किमान आठ-दहा सेंटिमीटर आलेले असावे. नळ्या आत आडव्या, तोंडे किंचित खाली झुकतील अशा घट्ट बसवाव्यात आणि तोंडे अगदी एका रेषेत न ठेवता पुढेमागे ठेवावीत, म्हणजे माशीला आपले दार ओळखता येते. डबा भिंतीला किंवा खांबाला पक्का ठोकावा. वाऱ्याने डोलणारे घर माशी सोडून देते. उंची कमरेपासून डोक्यापर्यंत कोठेही चालेल, म्हणजे आपल्याला रोज पाहता येईल. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला असावे, कारण अंग तापल्याशिवाय माशी उडत नाही आणि सकाळचे कोवळे ऊन तिला लवकर कामाला लावते. दुपारनंतर मात्र सावली हवी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर लावलेला डबा म्हणजे अळ्यांसाठी भट्टीच.

जवळपास फुले हवीत. तूर, ताग, गोकर्ण, तुळस, शेवगा, सूर्यफूल यांपैकी जे शक्य असेल ते लावावे. पानांसाठी गुलाब किंवा बोगनवेल, आणि मातीने कप्पे करणाऱ्यांसाठी एका पसरट भांड्यात ओली चिकणमाती ठेवावी. शेजारच्या शेतात घाटेअळीसाठी फवारणी होणार असेल तर ती माश्या परतल्यानंतर, संध्याकाळी करावी, अशी विनंती शेजाऱ्याला आधीच करून ठेवावी.

कोकणात आणि घाटमाथ्यावर ऐन पावसाळ्यात रिकामा डबा काढून कोरड्या जागी ठेवणेच बरे. घर पुन्हा लावायला गणपतीनंतरचे दिवस योग्य, कारण पुढे नवरात्रापासून तुरीच्या फुलोऱ्यापर्यंतचा काळ या माश्यांच्या भराचा असतो. दुसरा भर होळीनंतर येतो.

शत्रूंची ओळख

मुंग्या हा पहिला आणि सर्वांत सोपा शत्रू. त्या परागाचा गोळा आणि अळी दोन्ही नेतात. दुभत्याच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत इथेही उत्तम चालते: डबा खांबावर असेल तर खांबाचा पाय पाण्याच्या भांड्यात ठेवावा, आणि भिंतीवर असेल तर टांगणीच्या सळईला ग्रीसचा पट्टा द्यावा. ग्रीस डब्याला लागू देऊ नये. माशीचे पंख त्यात चिकटतात. आणि डब्याला टेकलेली एखादी वेल राहिली तर हा सगळा बंदोबस्त फुकट जातो.

कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, तशी एक कोकिळमाशीही असते. पाने कातरणाऱ्या माशीचीच ही जवळची नातलग. तिचे पोट मागे शंकूसारखे निमुळते आणि टोकदार असते, अंगावर पराग वाहायचे केस नसतात. नळ्यांसमोर ती फुलांकडे न जाता घुटमळत राहते, मालकीण बाहेर गेली की आत शिरते आणि पानाच्या अस्तरात टोक खुपसून अंडे घालते. तिची अळी कोयत्यासारख्या जबड्यांनी मूळ अंडे किंवा अळी मारते आणि साठा खाते. हिरव्या-निळ्या धातूसारख्या चमकणाऱ्या सोनेरी गांधीलमाश्या आणि हवेत तरंगत नळीच्या तोंडाशी अंडी उडवणाऱ्या केसाळ माश्या याही याच वाटेच्या. हे सगळे प्राणी निसर्गाचा भाग आहेत आणि एका हंगामात थोडे नुकसान करून जातात; त्यांच्यामागे जाळी घेऊन धावण्याची गरज नाही.

खरी काळजी करावी ती मेलिटोबिया नावाच्या बारीक गांधीलमाशीची. ती जेमतेम एक-दीड मिलिमीटरची, काळसर, उडण्यापेक्षा चालणारी असते आणि पाहणाऱ्याला धुळीचा कण वाटते. ती फटीतून आत जाते, कोषातल्या पूर्ण वाढलेल्या अळीला डंख मारून निश्चेष्ट करते आणि तिच्यावर शेकडो अंडी घालते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. या पिढीतले नर आंधळे असतात, ते कप्प्याबाहेर येतच नाहीत. माद्या मात्र कप्प्याची भिंत कुरतडून शेजारच्या कप्प्यात घुसतात. एका नळीत ती शिरली आणि आपण महिनाभर लक्ष दिले नाही, तर सबंध डबा रिकामा होतो. माझ्या एका डब्यात हे घडले. नळी उलगडली तेव्हा प्रत्येक विडीच्या आत सुकलेले कातडे आणि पिंगट भुशासारखा थर होता. भिंगाखाली धरल्यावर तो भुसा हलत होता.

याखेरीज परागावर जगणारे सूक्ष्म कोळी, साठ्यातले बारीक भुंगेरे आणि बुरशीचा एक रोग असतो, ज्यात अळी खडूसारखी कडक होऊन राखाडी किंवा काळी पडते. ही तिन्ही दुखणी जुन्या, न बदललेल्या नळ्यांत वर्षागणिक साठत जातात.

बंदोबस्त

उपायाचे मूळ सूत्र एकच: भरलेली नळी डब्यात पडून राहू द्यायची नाही आणि वापरलेली नळी पुन्हा वापरायची नाही.

नळीचे तोंड पानांच्या चकत्यांनी किंवा मातीने बंद झाले, की त्या दिवशीची तारीख नळीवर पेन्सिलीने लिहावी आणि वरच्या बाजूला एक रेघ ओढावी. आठवडाभर तिला हलवू नये, कारण अंडे परागाच्या गोळ्यावर नुसते टेकलेले असते आणि धक्क्याने सुटले तर अळी उपाशी मरते. त्यानंतर एखाद्या संध्याकाळी नळी आडवीच धरून, रेघ वरच ठेवून अलगद काढावी आणि तिच्या जागी नवी रिकामी नळी बसवावी.

काढलेली प्रत्येक नळी स्वतंत्र बरणीत किंवा रुंद परीक्षानळीत ठेवावी आणि तोंडाला घट्ट विणीचे दुपदरी सुती कापड रबराने आवळून बांधावे. मच्छरदाणीची जाळी चालत नाही. तिच्यातून मेलिटोबिया सहज निघते. सगळ्या नळ्या एका पिशवीत कोंबण्याचा मोहही टाळावा, कारण स्वतंत्र ठेवण्यात मेख हीच आहे, की एक नळी नासली तरी बाकीच्या वाचतात. बरण्या घरातच, सावलीत, हवेशीर जागी ठेवाव्यात. बंद पेटीत किंवा उन्हात नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी बरण्या पाहाव्यात. उबदार हवेत साधारण महिना-दोन महिन्यांत माश्या बाहेर पडतात. नळीच्या तोंडाचे झाकण मोठ्या भगदाडाने फुटले असेल तर ती माशी. बरणी बागेत नेऊन कापड सोडावे, ती आपल्या वाटेने जाईल. झाकणावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके दिसली आणि बरणीच्या तळाशी काळसर कण सरकताना दिसले, तर कापड मुळीच न सोडता ती बरणी एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवावी आणि नळी जाळून टाकावी. टोकदार पोटाची एखादी कोकिळमाशी निघाली तर तिला मी सोडून देतो. ज्याला नको असेल त्याने तिला दूर नेऊन सोडावे.

काही कप्प्यांतल्या अळ्या मात्र या हंगामात बाहेर न येता पुढच्या हंगामापर्यंत निजून राहतात. म्हणून दोन महिने झाले की नळी लगेच फेकू नये. कागदी नळी ब्लेडने लांबीला चिरावी आणि एक कप्पा उचलून पाहावा: घट्ट, भरीव, दाबल्यावर किंचित परत उठणारा कप्पा जिवंत असतो, तर हलका, कुरकुरणारा किंवा भोक पडलेला मेलेला. जिवंत कप्पे नव्या बरणीत कोरड्या कापसावर ठेवावेत.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. परदेशी मार्गदर्शिकांत कोष थंड पाण्यात धुवून हिवाळाभर शीतकपाटात ठेवण्याची पद्धत दिलेली असते. ती थंड देशांतल्या, वर्षातून एकदाच वसंतात बाहेर पडणाऱ्या, मातीचे कप्पे करणाऱ्या माश्यांसाठी आहे. त्यांचा रेशमी कोष पाणी आत घेत नाही. आपल्याकडच्या पानांच्या विड्या धुतल्या तर पाणी आत मुरते आणि बुरशी धरते, आणि वर्षात अनेक पिढ्या होणाऱ्या माशीला महिनोन् महिने थंडीत ठेवले तर ती मरते. उत्तर अमेरिकेत लसूणघासाच्या बीजोत्पादनासाठी पाने कातरणारी एक माशी मोठ्या प्रमाणावर पाळतात. तिथे कप्पे नळ्यांतून सुटे काढतात, थंडीत साठवतात आणि मग सुमारे ३० अंश सेल्सिअसला उबवतात. परोपजीवी माशीच्या कित्येक दिवस आधी बाहेर पडतात आणि दिव्याखाली ठेवलेल्या पाण्यात पकडले जातात. त्यातली 'शत्रू आधी निघतो' एवढी गोष्ट आपल्याला उपयोगी आहे, बाकीची यंत्रणा नाही.

खाचांच्या फळ्या असतील तर हंगामानंतर उघडून, जुनी पाने आणि माती खरवडून, घरगुती ब्लीचच्या सौम्य द्रावणात बुडवून, स्वच्छ पाण्याने धुवून कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात. वास जाईपर्यंत पुन्हा लावू नयेत. बांबूचे बाह्य नळकांडे आतली कागदी नळी बदलून दोन वर्षे वापरावे, मग जाळावे. नुसत्या बांबूच्या, बोरूच्या आणि एरंडाच्या नळ्या दरवर्षी नव्या घ्याव्यात. जुन्या नळ्या कचराकुंडीत किंवा खतखड्यात टाकल्या तर तिथूनच परोपजीवी परत येतात, म्हणून त्या चुलीत किंवा बंबात घालाव्यात, आणि तेही शेवटचा जिवंत कप्पा बाजूला काढून झाल्यावर.